विचारून लावलेला हात

सोलापूर, ता. ११ ऑक्टोबर १९३२

आत्याबाई,

पाया पडते. दहा वर्षांचं एकदमच पडते, तेव्हा जरा जास्त वेळ वाकून राहिले आहे असं समजा.

हे पत्र मथुराचं आहे. तुमच्या मानसिंगची बायको. 'ती आमाला मेली' असं तुम्ही बोरामणीभर सांगितलंत, तीच. मेलेल्या माणसानं पत्र लिहू नये हे मला कळतं, पण रंभाबाईंचं कार्ड आलं आणि राहवलं नाही. त्यांना रागावू नका. धाकटी सून म्हणून तुमच्या काळजीनं त्यांनी लिहिलंय. मला तर त्यांनी अजून पाहिलेलंही नाही. कार्ड म्हणजे पोस्टमनपासून पाटलापर्यंत सगळे वाचणार, म्हणून बिचारीनं 'आत्याबाईंना धड बसता येत नाही, दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत' एवढंच लिहिलंय. पण मी रोज हेच काम करते. मला तेवढ्यावरून कळलं.

रंभाबाई, आता दार लोटून घ्या आणि हळू वाचा. मामंजी ओसरीवर असतील तर दोघी माळवदावर जा.

आत्याबाई, तुमचं अंग बाहेर येतंय. दोन वर्षं तरी झाली असतील. घागर उचलली की ओढ लागते. लुगड्याखाली चिंध्या बांधून तुम्ही वावरता आणि देवळात जायचं सोडलंय, कारण कुणाला वास येईल अशी धास्ती वाटते. खरं ना? यात लाजण्यासारखं काही नाही. सात बाळंतपणं झाली आणि दर खेपेला बारसं होतंय न होतंय तोच तुम्ही रानात भांगलायला गेलात, त्याचं हे फळ आहे. आमच्याकडे आठवड्याला अशी एक तरी बाई येते. विड्या वळणारी येते, साळ्याची येते, आणि मागच्या महिन्यात एका इनामदाराची सासू बंद गाडीतून आली. हे दुखणं बरं होतं. ऑपरेशन करावं लागतं, तीन आठवडे पडून राहावं लागतं, मग माणूस पुन्हा मांडी घालून जेवायला बसतं. नाही केलं तर मात्र जखम होऊन चिघळते. तशा दोघी मी पाहिल्यात. त्यांचं पुढं काय झालं ते लिहीत नाही.

तुम्ही म्हणत असाल, "तितं बायांना उगडं करत्यात. मी मरंन, पर जायाची न्हाय." तुमचा तो आवाज कानात येऊन मला आधी हसू आलं, आणि मग आलं नाही. म्हणून इथं काय असतं ते सांगते. हा फक्त बायकांचा दवाखाना आहे. डॉक्टर बाई आहेत. पुरुष फाटकाच्या आत येतो तो भेटीच्या वेळेला, मग तो कितीही मोठा असो. प्रत्येक खाटेला पडदा आहे. आणि अंगाला हात लावायच्या आधी आम्ही विचारतो. 'हात लावू का?' म्हणतो आणि बाई 'लाव' म्हणेपर्यंत थांबतो. कधी कधी लई थांबावं लागतं. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघतात, पण थांबतात.

मी रागावलेली नाही. होते. पुष्कळ वर्षं होते. जाऊ द्या. तुम्ही या.

तुम्हाला नको असली तरी तुमचीच,
मथुरा


सोलापूर, ता. २ नोव्हेंबर १९३२

आत्याबाई,

या वेळेस रंभाबाईंनी कार्ड न पाठवता पाकीट पाठवलं. हुशार आहेत. रावजी भावजींनीही कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्यात की आईनं होकार दिला तर ते त्याच दिवशी गाडी जुंपतील. मी घरातून निघाले तेव्हा भावजींना मिसरूड नव्हतं. आता ते गाडी जुंपायच्या गोष्टी करतात. बरं वाटलं.

तुम्ही मात्र येते म्हणाला नाहीत. तुम्ही उलट मलाच सवाल टाकलात: "तिला म्हनावं, तू कदी कुनाला न इचारता हात लावलायस का? मानसिंगची आन घिऊन सांग."

आत्याबाई, तुमचा हा स्वभाव मला ठाऊक आहे. बाजारात वांगं घेतानासुद्धा तुम्ही नेमकं किडीच्या जागी बोट ठेवायचा.

सांगते. आठ वर्षांमागची गोष्ट आहे. अक्कलकोटकडची दाक्षायणी नावाची बाई पोटात गाठ झाली म्हणून आली होती. लिंगायत. नवरा संगप्पा, शेंगांचा व्यापारी, बोलायला मऊ. ऑपरेशनच्या दिवशी तिनं अंगावरचे सगळे दागिने उतरवून नवऱ्याच्या हाती दिले. गळ्यात दोऱ्याला बांधलेली चांदीची डबी तेवढी राहिली. आपल्या गावातल्या वाण्यांच्या गळ्यात तुम्ही ती पाहिलीच आहे. तीत त्यांचं इष्टलिंग असतं. लहानपणी स्वामी बांधतात ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही, आणि त्याची पूजा झाल्याशिवाय ती माणसं पाण्याचा घोट घेत नाहीत.

आता ऑपरेशनच्या टेबलावर गळ्याशी काही ठेवता येत नाही. भूल देताना श्वास अडला तर दोरा आड येतो. दाक्षायणीला भूल चढल्यावर एका नर्सच्या लक्षात आलं की डबी राहूनच गेली. तिनं दोरा कापून डबी बाजूला ठेवली. बाई शुद्धीवर आली, गळ्याशी हात नेला, डबी नव्हती. मग ती पाणी घेईना. शेवटी डबी मिळाली, बाई पाणी प्याली आणि बरी होऊन घरी गेली. त्या नर्सला चांगली बोलणी बसली. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात विचारल्याशिवाय हात न लावायचा नियम झाला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. चूक कुणाकडून होत नाही? त्यातूनच माणूस शिकतं.

थंडी पडायला लागली आहे. चिंध्या वापरायच्या असतील तर उकळलेल्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेल्या वापरा. भावजींना गाडीचं वंगण बघून ठेवायला सांगा.

मथुरा


सोलापूर, ता. १५ नोव्हेंबर १९३२

आत्याबाई,

तुमचा निरोप पोचला. एवढ्या मोठ्या पाकिटात तीनच शब्द. "ती नर्स कोन?"

मी चार दिवस ते पाकीट उशीखाली ठेवून हिंडत होते. इथं मला सगळे धीट म्हणतात. नव्या पोरी मला टरकतात. आणि बोरामणीच्या एका अंगठाबहाद्दर म्हातारीनं माळवदावर बसून मला पकडलं.

ती नर्स मी. मानसिंगची आन.

आता सगळं सांगते. मागल्या पत्रात जिथं जिथं गुळगुळीत लिहिलं तिथं तिथं लबाडी होती.

डबी मी 'बाजूला' ठेवली नव्हती. तेव्हा मी शिकाऊ होते. वर्षभरात सर्टिफिकेट मिळायचं होतं. डॉक्टरीणबाई हात धुऊन उभ्या होत्या आणि मला त्यांच्यासमोर चटपटीत दिसायचं होतं. खरं तर सकाळी दाक्षायणीला पांढरा झगा चढवताना डबी मी पाहिली होती. तेव्हाच तिला विचारायचं होतं. विचारलं तर ती नको म्हणेल, मग समजूत घालावी लागेल, उशीर होईल. त्यापेक्षा भूल चढल्यावर काढू, म्हणजे कटकट नाही, असं मी मनाशी ठरवलं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. चुकून राहिली असंच सगळ्यांना वाटतं.

कात्रीनं दोरा कापला आणि डबी तामचिनीच्या ताटलीत टाकली. त्याच ताटलीत नंतर रक्ताचे बोळे पडत गेले. ऑपरेशन झाल्यावर ताटली बादलीत उपडी केली, बादली मागच्या कुंपणाबाहेरच्या खड्ड्यात गेली. तीही माझ्याच हातानं.

तिसऱ्या प्रहरी दाक्षायणी जागी झाली. डोळे धड उघडले नव्हते, पण तिचा हात गळ्याशी गेला. चाचपत राहिला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग मानेच्या मागं. आत्याबाई, तो हात मी ओळखला. तो माझाच होता.

तुम्हाला आठवतं का? मानमोडीच्या साथीचा ताप. घरात आम्ही दोघंही आडवे झालो होतो, ते मधल्या घरात आणि मी चुलीशेजारी. मला किती दिवस शुद्ध नव्हती मला माहीत नाही. एका सकाळी डोळे उघडले आणि हात गळ्याशी गेला. गळा मोकळा. हातांत बांगड्या नाहीत. तुम्ही पेजेची वाटी घेऊन बसला होतात. मी विचारलं, मंगळसूत्र कुठं आहे? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "वाढलंय. पोवायला दिलंय. गप पेज पी." आणि मी प्याले. तीन दिवस मी तुमच्या हातून पेज पीत होते आणि मंगळसूत्र ओवून कधी येईल ते विचारत होते. चौथ्या दिवशी उठून बसता आलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की ते गेले, आणि गेले त्याला आता आठवडा झाला.

ते तीन दिवस मी तुम्हाला कधी माफ केले नाहीत. मंगळसूत्र काढलंत त्याचा एवढा राग नव्हता, ते कधीतरी निघणारच होतं. पण मी बेशुद्ध असताना काढलंत. मला विचारलं नाहीत, सांगितलं नाहीत, आणि वर खोटं बोललात. चार वर्षांनी इथल्या दवाखान्यातली शमशादबी दाई पाटलाच्या सुनेच्या बाळंतपणाला गावात आली. मी तिला पाणी तापवून दिलं, ती म्हणाली, तुझा हात चांगला आहे, चल. तुम्ही म्हणालात, परक्या बायांची घाण काढायला जाणार असशील तर ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नकोस. मी लगेच निघाले. तुम्हाला वाटलं दवाखान्याच्या ओढीनं गेले. खरं म्हणजे मी त्या पेजेच्या वाटीवर रुसून गेले.

आणि दाक्षायणीनं मला विचारलं, लिंग कुठं आहे? तेव्हा मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुमच्या मालकांकडं दिलंय. पडून राहा."

रंभाबाई, थांबू नका. वाचत जा.

भेटीच्या वेळेला संगप्पा आला. बायकोनं विचारलं, तो म्हणाला, माझ्याकडं कुणी दिलं नाही. दाक्षायणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घोट घोट पाणी सुरू करायचं होतं. तिनं दात मिटून घेतले. दुपारीही तेच. ओठ फुटले, ताप चढला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, संगप्पा पाया पडायला लागला. ती एकच सांगत होती, लिंग गेलं त्या अंगात पाणी घालून काय करायचं. ती हट्ट करत नव्हती, आत्याबाई. ती खरंच जायला निघाली होती.

आणि मी गप्प होते. मला काढून टाकलं तर जाणार कुठं? तुमचा उंबरा बंद, माहेरी आई ना बाप.

शमशादबीनं मला कपड्यांच्या खोलीत गाठलं. ओरडली नाही. माझी हनुवटी वर केली आणि विचारलं, "किसने काटा?" मी रडायला लागले, तेच उत्तर झालं. ती म्हणाली, रडून झालं की खड्ड्याकडे चल. खड्डा आठवड्यातून एकदा पेटवायचे. दुसऱ्याच दिवशी पेटवायची पाळी होती. भर दुपारी आम्ही दोघी खड्ड्यात उतरलो. साठीची ती बाई पदर खोचून माझ्याबरोबर बोळ्यांत, पट्ट्यांत, काय काय असतं त्यात, हात घालून बसली. झाडूवाला सिदू वरून ओरडत होता, बाई, तुमचं काम नव्हं हे. शेवटी तोही उतरला. डबी त्यालाच सापडली.

मी ती तीन वेळा धुतली. मग मनात आलं, कपाटात होती म्हणून देऊन टाकावी. कुणाला कळणार होतं? शमशादबीनं माझ्या तोंडावरूनच ओळखलं. म्हणाली, "पूछे बगैर हात नक्को लगाव, मथुरा. और लगाया तो झूट बोल को वापस नक्को दे."

मी दाक्षायणीच्या खाटेशी गेले. संगप्पा होता, डॉक्टरीणबाई होत्या. मी सांगितलं, दोरा मी कापला, डबी खड्ड्यात गेली, आणि तुमच्या मालकांकडे दिली असं मी खोटं बोलले. तिनं तोंड भिंतीकडून माझ्याकडे वळवलं. मग कानडी-मराठी मिसळून म्हणाली, "इचारलं असतंस तर मी मुठीत धरून झोपले असते की." एवढंच. आत्याबाई, मला तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढं सोपं होतं ते. मुठीत धरायचं. मी फक्त विचारायचं होतं.

संगप्पानं स्वामींना आणलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच पुरुषाला वेळ सोडून व्हरांड्यात येऊ दिलं. स्वामींनी डबी शुद्ध केली, नवा दोरा केला, लिंग पुन्हा तिच्या गळ्यात बांधलं. मी पाण्याचा पेला घेऊन लांब उभी होते. दाक्षायणीनं मलाच बोट करून बोलावलं आणि माझ्या हातानं पाणी प्याली.

माझं सर्टिफिकेट सहा महिने रोखलं. नोकरी राहिली, कारण मी स्वतः सांगितलं होतं.

आता एक शेवटचं लिहिते, आणि ते लिहिण्यासाठीच इतकं लांब आले. मला अंग वळवायला शिकवताना शमशादबीनं दाखवलं की आजाऱ्याचा हात आधी त्याच्या छातीवर ठेवायचा, मग गुडघा मोडायचा, मग वळवायचं, म्हणजे खांदा ओढला जात नाही. मला ते आधीच येत होतं. तिनं विचारलं, कुठं शिकलीस? मी सांगितलं नाही. तुमच्याकडे शिकले होते. तापात तुम्ही मला तसंच वळवायचा. अर्धवट शुद्धीत असायची तरी तेवढं मला आठवतं. मधल्या घरात तुमचा लेक गेलेला, आणि तुम्ही चुलीपाशी परक्याच्या लेकीचं अंग पुसत होतात. घाण काढत होतात. मी वाचावी म्हणून तीन दिवस खोटं बोललात, आणि त्या तीन दिवसांत तुम्हाला मुलासाठी मोठ्यानं रडतासुद्धा आलं नाही, मी ऐकेन म्हणून. हे मला दाक्षायणीच्या खाटेशी उभं राहिल्यावर कळलं. मी खोटं बोलले ते माझ्या नोकरीसाठी. तुम्ही बोललात ते माझ्यासाठी.

मी जिवंत आहे ती तुमच्यामुळे. हे सांगायला मला चौदा वर्षं लागली.

आता यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला कुणाला न विचारता हात लावायची सवय होती, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

मथुरा


सोलापूर, ता. ५ डिसेंबर १९३२

आत्याबाई,

येताय! रंभाबाईंचं पत्र वाचून मी औषधाच्या खोलीत जाऊन एकटीच हसले. शमशादबी आता नोकरीतून उतरली आहे, पण दुपारी फाटकाशी येऊन बसते. तिला सांगितलं. ती म्हणाली, मेरे वास्ते बोरामणी के हरभरे मंगव. तेव्हा कोवळा हरभरा असेल तर पेंढी आणा.

गाडीत गवत जास्त टाका आणि वर वाकळ अंथरा. पडूनच या, बसून येऊ नका. जुनं मऊ लुगडं दोन, चोळ्या तीन. भाकरी आणू नका, इथं मिळते. आमच्यासारखी नसते, पण मिळते. गिरणीचा तिसरा भोंगा व्हायच्या आत फाटकाशी पोचलात तर त्याच दिवशी डॉक्टरीणबाई तपासतील.

तुम्ही विचारलंय, "मंगळसूत्र काडाय लागंल का?" खोटं सांगत नाही. लागेल. मामंजींना वाईट वाटणार असेल तर त्यांना मी स्वतः समजावेन, फाटकाच्या बाहेर उभं राहून, डोक्यावरून पदर घेऊन. पण तुम्ही काढाल तेव्हाच ते निघेल. मग तुमच्या मुठीत देऊ आणि मुठीवर पट्टी बांधू. इथं तसंच करतात. दाक्षायणीची मूठ म्हणतो आम्ही त्याला.

तुम्हाला मला गावाकडच्या नावानं हाक मारायची नसेल तर मारू नका. सगळे नर्सबाई म्हणतात, तेही चालेल.

मथुरा


सोलापूर, ता. २४ जानेवारी १९३३

आत्याबाई,

घरी सुखरूप पोचल्याचं कळलं. वाटेत गाडी थांबवायला लावून तुम्ही गड्ड्याच्या जत्रेतून रंभाबाईंना काकणं आणि स्वतःला चिरमुरे घेतलेत, हेही कळलं. तीन आठवडे सांगत होते की गर्दीत उतरू नका! पण मांडी घालून जेवता हे वाचलं आणि सगळा राग गेला. घागर मात्र सहा महिने उचलायची नाही. रंभाबाई, लक्ष ठेवा. ऐकत नाहीत त्या.

तुम्ही सगळ्या मुक्कामात मला 'ए नर्सबाई' म्हणत होतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तुम्ही सांगितलंत की ही पोरगी ओळखीची दिसते. मी पडद्याआडून ऐकत होते. मला काही वाईट वाटलं नाही. निघताना तुम्ही पाठीवरून हात फिरवलात, बोलला मात्र नाहीत. मीही बोलले नाही. आपण दोघी तोंडानं फार काही बोलणाऱ्यातल्या नाही, म्हणून लिहिते.

ऑपरेशनच्या सकाळची गोष्ट आहे. तुम्हाला भुलीच्या आधीचं आठवत असेल, नंतरचं आठवणार नाही. आधीचं असं की मी म्हणाले, आत्याबाई, हात लावू का? तुम्ही माझ्याकडे किती वेळ बघत होतात! आत हत्यारं उकळून तयार होती, डॉक्टरीणबाई दारात येऊन परत गेल्या. मग तुम्ही "लाव" म्हणालात. मंगळसूत्र डोक्यावरून काढताना बुचड्यात अडकलं, ते मी सोडवलं. तुमच्या मुठीत दिलं, पट्टी गुंडाळली.

एक गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली नव्हती. भूल चढली की मूठ सुटते. सगळ्यांची सुटते. तुमचीही सुटली. मी त्या दिवशी हत्यारांवर नव्हते, डॉक्टरीणबाईंकडून मागून घेऊन तुमच्या उशाशी उभी होते. तुमची मूठ मी माझ्या मुठीत धरली आणि ऑपरेशन संपेपर्यंत मिटलेली ठेवली. माझा हात बधिर झाला होता.

मग तुम्हाला खाटेवर आणलं. तुम्ही शुद्धीवर यायच्या आत मी पट्टी सोडली आणि मंगळसूत्र तुमच्या गळ्यात घातलं. तेव्हा मात्र मी विचारलं नाही. आठ वर्षांत न विचारता हात लावला तो तेवढाच. त्याचीही मानसिंगची आन.

थोड्या वेळानं तुमचा हात हलला. डोळे मिटलेलेच होते. हात गळ्याशी गेला, चाचपला, मणी बोटांना लागले आणि तुम्ही मोठा श्वास सोडलात. मला वाटलं, झालं, आता झोपतील. पण तुम्ही डोळे उघडलेत. मी वाकले होते, पेला घेऊन. तुमचा हात उठला आणि माझ्या मोकळ्या गळ्याकडे आला, आणि चार बोटं अलीकडे थांबला.

तुम्ही म्हणालात, "मथुरे, म्या तुला इचारलं न्हवतं गं. आता लावू का हात?"

तुम्हाला हे आठवत नसणार. भुलीतून उठताना माणूस काय बोलतं ते त्याला आठवत नाही. म्हणून लिहून ठेवते आहे, आणि माझं उत्तरही लिहिते, कारण तेही तुम्ही ऐकलं नसेल. लगेच तुमचा डोळा लागला.

मी म्हणाले, लावा.

तुमची थोरली सून,
मथुरा